पैशांचं पुढे काय झालं?

माझे सासरे, आप्पा, बँकेत कॅशियर होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी दुकानदाराने परत दिलेल्या नोटा ते अजून अंगठ्याने फडफडवूनच खिशात घालतात. एका रविवारी दुपारी ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ त्यांनी आमच्याबरोबर पाहिला. टेक्ससचं उजाड माळरान, उन्हात पडलेली प्रेतं, गोळ्यांनी चाळण झालेल्या गाड्या, हे सगळं ते निर्विकारपणे बघत होते. मग झाडाखाली मरून पडलेल्या माणसाजवळची बॅग लुएलिन मॉसने उघडली, आतल्या नोटा पाहून नुसतं ‘हं’ केलं आणि बॅग उचलून तो चालू लागला. आप्पा खुर्चीत पुढे सरकले. “अगं, एकसुद्धा गड्डी फडफडवून बघितली नाही त्याने!”

या सिनेमावर मी पुष्कळ वाचलं आहे, पण इतकी नेमकी टीका कुठे सापडली नव्हती. कारण पुढचा बराचसा रक्तपात त्या न तपासलेल्या गड्डीतूनच सुरू होतो. गड्डीची वरची नोट खरी, खालचीही खरी. मधला भाग कोरून त्यात माग काढण्याचं यंत्र बसवलेलं. मॉसला ते सापडतं तेव्हा तो सरहद्दीजवळच्या एका जुन्या हॉटेलात रात्री जागा पडलेला असतो आणि त्याला मारायला निघालेला माणूस दाराबाहेर येऊन ठेपलेला असतो.

(इथून पुढे शेवट फोडल्याशिवाय मला लिहिता येणार नाही. ज्यांना सिनेमा पाहायचा आहे त्यांनी आधी तो पाहून यावा.)

कॉरमॅक मॅकार्थी यांची कादंबरी २००५ची आणि जोएल व ईथन कोएन या बंधूंचा सिनेमा २००७चा. सुमारे अडीच कोटी डॉलरमध्ये केलेल्या या सिनेमाने जगभरात सतरा कोटींच्या आसपास कमावले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळवले. गोष्ट १९८० सालची. मॉस हा वेल्डर, व्हिएतनाम युद्धातून परतलेला, बायकोबरोबर ट्रेलरमध्ये राहणारा. हरणाच्या शिकारीला गेलेला असताना फिसकटलेल्या एका अमली पदार्थांच्या सौद्याची जागा त्याच्या दृष्टीस पडते. मागे उरलेत मुडदे, माल आणि वीस लाख डॉलर. ते परत आणायला निघतो अँटन शिगर. गुरं मारायला वापरतात ते हवेच्या दाबावर चालणारं हत्यार घेऊन हा फिरतो आणि समोरच्याचा जीव कधीकधी नाणेफेकीवर ठरवतो. या दोघांच्या मागे, नेहमी एक पाऊल उशिरा, म्हातारा शेरीफ एड टॉम बेल.

आप्पांनी मध्येच हिशेब मांडला. शंभराच्या शंभर नोटा म्हणजे एक पॅकेट, दहा हजार डॉलर. वीस लाख म्हणजे दोनशे पॅकेटं, आपल्या बँकेच्या भाषेत वीस बंडलं. अमेरिकन नोटेचं वजन साधारण एक ग्रॅम असतं, म्हणजे बॅग झाली वीस किलोची. “हे घेऊन तो उन्हातून चालतो? चालेल एखादा. पण बँकेत भरणार कसे?” तोही प्रश्न रास्त आहे. १९७०च्या कायद्यापासून अमेरिकेत दहा हजार डॉलरच्या वर रोकड भरली की बँकेला सरकारकडे कळवावं लागतं. मॉसला त्यातलं एक पॅकेट गुपचूप भरता आलं असतं, दुसऱ्याला नाव लागलं असतं.

सापडलेल्या पैशांच्या सिनेमांबद्दल प्रेक्षक जे बोलतात त्यातलं बहुतेक याच जातीचं असतं, हे माझ्या त्या दिवशी ध्यानात आलं. खुनाच्या सिनेमात खुनी कोण ते आपण शोधतो. भुताच्या सिनेमात घाबरतो. इथे आपण पहिल्या दहा मिनिटांत मनातल्या मनात बॅग उचललेली असते आणि मग दोन तास नायकाच्या चुका काढत बसतो. आपण हे जास्त नीट पार पाडलं असतं, अशी प्रत्येकाची खात्री असते. ‘हा इतका मूर्ख कसा?’ हे वाक्य या सिनेमांच्या वाट्याला जितकं येतं तितकं क्वचितच दुसऱ्या कुणाच्या येत असेल.

मॉसचा सगळ्यात मोठा मूर्खपणा कुठला, यावर बहुतेकांचं एकमत असतं: पाणी. मारामारीच्या जागी एक जखमी जिवंत असतो आणि पाणी मागत असतो. मॉसकडे पाणी नसतं. घरी येऊन, पैसे लपवून तो झोपतो, मध्यरात्री उठतो आणि पाण्याचा कॅन भरून परत माळावर जातो. तोवर तो माणूस मेलेला असतो आणि टोळीची माणसं तिथे आलेली असतात. मॉस जीव घेऊन पळतो. त्याची गाडी तिथेच राहते आणि गाडीवरून मालकाचा पत्ता लागतो. दया दाखवली आणि फसला, असा धडा प्रेक्षक काढतात. मला तो पटत नाही. बॅगेत यंत्र होतंच, आज ना उद्या कुणीतरी त्याच्या आवाजाच्या टप्प्यात आलंच असतं, आणि तेव्हा मॉस बायकोशेजारी घोरत असता. पाणी घेऊन गेला म्हणून आपल्या मागावर माणसं आहेत हे त्याला त्याच रात्री कळलं. बायकोला त्याने माहेरी पाठवलं आणि स्वतः निसटला. पाण्याने त्याला बुडवलं नाही, काही दिवस मिळवून दिले. आणि तो पाणी घेऊन गेलाच नसता तर? हा प्रश्न विचारणारे सिनेमा पहिल्या अर्ध्या तासात संपवायला निघालेले असतात.

दुसरी तक्रार खरी गंभीर आहे. ज्याच्या बरोबर आपण दीड तास पळतो तो मॉस पडद्याबाहेर मरतो. एल पासोमधल्या मोटेलशी शेरीफ पोहोचतो, गोळीबार करून पळणारी एक गाडी दिसते, आत जमिनीवर मॉस पडलेला. मरण नाही, शेवटची झुंज नाही. अनेकांना वाटतं की शिगरनेच त्याला मारलं. मारतात ती टोळीची माणसं. त्यांना ठिकाण सांगितलेलं असतं मॉसच्या सासूने, आणि तेसुद्धा सामान उचलायला मदत करणाऱ्या एका सभ्य, नीटनेटक्या अनोळखी माणसाशी गप्पा मारताना. थिएटरमधून चिडून बाहेर पडलेल्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. नायक आणि खलनायक समोरासमोर आणायचे असतात हा व्यवहार आपण तिकिटाबरोबरच केलेला असतो. कोएन बंधूंनी तो मोडला. मॅकार्थींनी कादंबरीतच तो मोडला होता आणि कोएननी त्यात साखर घालायला नकार दिला, असं म्हणणं जास्त बरोबर. उलट त्यांनी आधार म्हणून पार्श्वसंगीतसुद्धा जवळपास काढून टाकलं. कुठे धडधडायचं ते वाद्यांनी सांगायचं, तर वाद्यंच नाहीत; पैशाच्या जवळ गेलं की वाढत जाणारी त्या यंत्राची टिकटिक तेवढी आहे.

शिगरबद्दल मात्र कुणाची तक्रार नसते. हावियेर बार्देम यांना त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. बेल्जियममधल्या दोन मनोविकारतज्ज्ञांनी पुढे ४०० सिनेमे तपासून पडद्यावरची मनोविकृत पात्रं वास्तवाच्या किती जवळ आहेत हे पाहिलं, तेव्हा वास्तवाच्या सर्वांत जवळ जाणाऱ्यांत त्यांनी शिगरला गणलं. त्याची केशरचना याला अपवाद असावी.

आणि मग तो प्रश्न, जो या सिनेमावरच्या प्रत्येक गप्पांत शेवटी येतो: पैशांचं काय झालं?

उत्तर सिनेमात आहे, फक्त कुणी ते मोठ्याने सांगत नाही. मॉसला बॅग मोटेलच्या हवेच्या झडपेमागे लपवायची सवय असते. शिगरला झडपेचे स्क्रू नाण्याने काढायची सवय असते, आणि हे आपण आधी एकदा पाहिलेलं असतं. मॉस मेल्यावर त्या रात्री शेरीफ एकटाच त्या खोलीत परत येतो. तिथे झडप उघडी आहे, स्क्रू खाली पडलेले आहेत आणि शेजारी एक नाणं आहे. बस्स. पैसे शिगरने नेले. कादंबरीत तर तो ते खऱ्या मालकाच्या कचेरीत नेऊन सुपूर्दही करतो, अगदी वसुली कारकुनासारखा. सिनेमाने तो प्रसंग गाळला आणि प्रेक्षकांना पंधरा-वीस वर्षं पुरेल इतका वादाचा माल दिला. ज्या शेवटावर सगळे चिडतात, शेरीफने सांगितलेल्या दोन स्वप्नांवर, त्यातलं पहिलं स्वप्न नीट ऐकावं. वडील त्याला गावात कुठेतरी भेटतात, थोडे पैसे देतात, आणि ते त्याच्याकडून बहुधा हरवतात. दुसऱ्या स्वप्नातल्या आगीवर सगळे लिहितात, या पैशांवर फार कुणी थांबत नाही.

सापडलेल्या धनाची ही गोष्ट मुळात आपल्याकडची आहे, हे ऐकून आप्पा खूश झाले. वेदब्भ जातकात एक ब्राह्मण मंत्राने आकाशातून रत्नांचा पाऊस पाडतो. चोरांच्या एका टोळीला ते धन मिळतं, दुसरी टोळी त्यांना अडवते, मग टोळ्या एकमेकींना कापत जातात आणि शेवटी दोघे उरतात. एक तलवार घेऊन धनाची राखण करतो, दुसरा भात आणायला जातो. जाणारा भातात विष कालवतो, राखणारा तो परतल्यावर त्याला ठार मारतो आणि मग भात खातो. दुर्गा भागवतांनी मराठीत आणलेल्या जातककथांमुळे ही गोष्ट आपल्याला घरच्या घरी वाचता येते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये चॉसरने तिघा दारुड्यांची जी गोष्ट सांगितली, झाडाखाली सापडलेलं सोनं, गावातून आणलेली विषारी दारू, ती याच गोत्रातली. माणसं बदलली, भाताची दारू झाली, हिशेब तोच राहिला: वाटणी दोघांत की एकट्यात?

हा वाटणीचा हिशेब सगळ्यात निष्ठुरपणे मांडला तो सॅम रायमी यांच्या ‘अ सिंपल प्लॅन’ने. १९९८चा हा सिनेमा स्कॉट स्मिथ यांच्या कादंबरीवरून केलेला, पटकथाही त्यांचीच. मिनेसोटातलं बर्फ, बर्फात कोसळलेलं छोटं विमान, आत मेलेला वैमानिक, त्याला टोचणारे कावळे आणि ४४ लाख डॉलर. हँक, त्याचा भाऊ जेकब आणि जेकबचा मित्र लू यांची योजना खरंच साधी असते: हँकने पैसे वसंतापर्यंत सांभाळायचे, कुणी शोधत आलं नाही तर वाटून घ्यायचे. मॉसला मागे लागलेले राक्षस भेटतात. इथे राक्षस कुणीच नाही, तिघे शेजारी आहेत. म्हणूनच यावर लोक कमी ओरडतात आणि जास्त अस्वस्थ होतात. प्रेक्षकांचा राग गोळा होतो तो हँकच्या बायकोवर, सारावर. सुरुवातीला पैसे परत कर म्हणणारी ही बाई टेबलावर ओतलेल्या नोटा पाहते आणि त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक डावाची आखणी तिच्या डोक्यातून निघते. तिच्यावर होणारा राग मला जरा सोयीचा वाटतो. खून हँक करतो. पण त्याला आपण आधीपासून आपल्या जागी बसवलेलं असतं, म्हणून दोष ठेवायला दुसरं कुणी लागतं. बिली बॉब थॉर्नटन यांचा जेकब मात्र प्रत्येकाच्या मनात घर करतो. मठ्ठ म्हणून हिणवलेला हा भाऊ एकट्यानेच काय झालंय ते पूर्ण समजून घेतो आणि त्याचं मोल स्वतःच्या जिवाने देतो.

आणि ते पैसे? अपहरणाच्या खंडणीचे. त्यातल्या काही नोटांचे क्रमांक टिपून ठेवलेले. कुठल्या, ते कळायला मार्ग नाही. म्हणजे एकही नोट वापरता येणार नाही. हँक सगळ्या शेकोटीत टाकतो. खून चालू असताना शांत बसलेले आप्पा या क्षणी उठून पाणी प्यायला गेले. “नोटा जाळताना बघवत नाही,” म्हणाले.

क्रमांक टिपण्याची युक्ती काल्पनिक नाही. वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचं १९३२मध्ये अपहरण झालं तेव्हा ५०,००० डॉलरच्या खंडणीतल्या नोटांचे क्रमांक नोंदवलेले होते, आणि त्यातला बराच भाग मुद्दाम सुवर्णप्रमाणपत्रांत, म्हणजे सोन्याच्या हमीवर काढलेल्या नोटांत, दिला होता. पुढच्याच वर्षी सरकारने ती प्रमाणपत्रं चलनातून काढायला सुरुवात केली, त्यामुळे ती देणारा माणूस डोळ्यांत भरायला लागला. १९३४मध्ये एका पेट्रोलपंपावर असं दहा डॉलरचं प्रमाणपत्र आलं, पंपावरच्या माणसाने गाडीचा नंबर त्यावर टिपला आणि ब्रूनो हाउप्टमन पकडला गेला.

प्रत्यक्षात चोरीचे पैसे एखाद्याला सापडतात का? १९७१च्या नोव्हेंबरमध्ये ‘डी. बी. कूपर’ या नावाने ओळखला जाणारा एक जण विमान ओलीस धरून दोन लाख डॉलर घेऊन पॅराशूटने खाली उडी मारून गायब झाला. सगळ्या वीसच्या नोटा, दहा हजार, क्रमांक नोंदवलेले. १९८०च्या फेब्रुवारीत कोलंबिया नदीच्या काठी वाळू उकरताना एका आठ वर्षांच्या मुलाला त्यातल्या ५,८०० डॉलरच्या कुजक्या गड्ड्या सापडल्या. घरच्यांनी त्या एफबीआयकडे दिल्या. सहा वर्षांनी, १९८६मध्ये, त्या नोटा मुलगा आणि विमान कंपनीची विमा कंपनी यांच्यात वाटल्या गेल्या. काही नोटा पुरावा म्हणून सरकारकडे राहिल्या. मॉसची गोष्ट ज्या वर्षी घडते त्याच वर्षीची ही गोष्ट. हिच्यावर कुणी थरारपट काढणार नाही, कारण यात सगळे नीट वागले.

उलट घडलं ते ‘फार्गो’मुळे. कोएन बंधूंच्याच या १९९६च्या सिनेमात एक गुन्हेगार नऊ लाखांहून जास्त डॉलरची बॅग बर्फात कुंपणाच्या कडेला पुरतो, खूण म्हणून काच खरवडायचं हत्यार वर रोवतो, आणि थोड्याच वेळात मारला जातो. पैसे तिथेच. सिनेमाच्या सुरुवातीला ही सत्यकथा असल्याचं बेधडक लिहिलेलं. २००१मध्ये मिनेसोटात एका जपानी तरुणीचा मृतदेह सापडला तेव्हा ती ते पैसे शोधायला आली होती अशी बातमी जगभर पसरली. ती खोटी होती. एका पोलिसाशी झालेल्या भाषेच्या गोंधळातून ती जन्मली होती. त्या बाईचं दुःख वेगळंच आणि खाजगी होतं. पण लोकांनी ती बातमी सहज मान्य केली आणि तिच्यावर पुढे एक सिनेमाही निघाला. बर्फात पडून राहिलेले पैसे कुणीतरी आणायला जाईलच, यात कुणालाच काही अशक्य वाटलं नाही.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत आप्पांपेक्षा उदार आहे. १८६०च्या दंडसंहितेत एक सुरेख उदाहरण होतं: रस्त्यावर कुणाचा ते ठाऊक नसलेला रुपया सापडला आणि उचलला, तर गुन्हा नाही. पण मालक कोण ते माहीत असेल, शोधता येण्यासारखं असेल, किंवा वाजवी शोध न घेता आणि वाजवी काळ न थांबता वस्तू आपलीशी केली, तर तो अपहार. आता हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४मध्ये आहे. चोरीचा माल आहे हे समजून तो ठेवणं हा आणखी वेगळा गुन्हा. १८७२चा करार कायदा सापडलेली वस्तू उचलणाऱ्याला तिचा राखणदार मानतो. आणि जमिनीत पुरलेलं गुप्तधन दहा रुपयांच्या वरचं असेल तर १८७८च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवायचं. कुणी हक्क सांगितला नाही तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक जमीनमालकाला. मृतदेहांच्या गराड्यात सापडलेली बॅग यातल्या रुपयात बसत नाही, हे मॉसलाही कळलं असतं.

मुंबईतली अशी गोष्ट अनुराग कश्यप यांच्या २०२०च्या ‘चोक्ड’मध्ये आहे, आणि तिची नायिका बँकेतली कॅशियर आहे, म्हणून ती आप्पांना दाखवणं भागच होतं. स्वयंपाकघराच्या तुंबलेल्या मोरीतून रात्री प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या नोटांच्या सुरळ्या वर येतात. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या बाईला घरी मोरीत स्वतःचे सापडतात. आणि मग ८ नोव्हेंबर २०१६ येतो. इथे ना मारेकरी लागतो, ना यंत्र. रात्री आठ वाजता टीव्हीवर झालेली नोटाबंदीची घोषणा पुरते. अमृता सुभाष यांची शेजारीण त्या घोषणेनंतर जशी कोसळते ते पाहताना आमच्या घरात कुणी नायिकेच्या चुका काढल्या नाहीत. त्या रांगांत आम्ही सगळेच उभे होतो.

‘नो कंट्री’कडे परत यायचं तर त्या वीस लाखांतल्या काही नोटा आपण खर्च होताना पाहतो. जखमी मॉस सरहद्दीच्या पुलावर तरुणांकडून कोट विकत घेतो. पहाटे त्याला जाग येते तेव्हा समोर गाणाऱ्या मेक्सिकन वादकांपुढे तो शंभराची रक्ताळलेली नोट धरतो. आणि अगदी शेवटी, मोटारीच्या अपघातात हाडाचे तुकडे बाहेर आलेला शिगर रस्त्याकडेला बसून एका पोराकडे त्याचा शर्ट मागतो. पोरगा तो फुकट द्यायला तयार असतो. शिगर हट्टाने शंभराची नोट देतो आणि लंगडत निघून जातो. पोरगा आणि त्याचा मित्र, दोघे तिथेच उभे. मागून ऐकू येतं: यातले काही माझे. दुसरा म्हणतो, तुझा शर्ट तुझ्याच अंगावर आहे की.

आप्पांनी तेवढा भाग मला मागे नेऊन परत लावायला सांगितला. पोरांचं भांडण ऐकून ते हसले, मग चष्मा पुसत म्हणाले, “त्या वादकांना दिलेली नोट घेतली असती मी. मळकी नोट म्हणून बदलून दिली असती. पण खातं कुणाचं, विचारलं असतं.”